रोजचा ‘बायोस एरर’ आणि एक नवी ओळ: बडोद्यातल्या एका वाचनालयाचं प्रकरण

पार्श्वभूमी

बडोद्याला वाचनालयांचं वेड जुनं आहे. सयाजीराव गायकवाडांनी १९१०मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बोलावून घेतलं आणि संस्थानभर वाचनालयांचं जाळं विणायला घेतलं. हे प्रकरण मात्र त्या मानाने अगदी लहान जागेतलं आहे: दांडिया बाजाराच्या बाजूचं, सभासदांच्या वर्गणीवर चालणारं एक मराठी वाचनालय. ओळख पटू नये म्हणून नाव दिलेलं नाही आणि माणसांचे किरकोळ तपशील बदलले आहेत. मशीनचे तपशील जसे होते तसेच ठेवले आहेत.

वाचनालयात सात कॉम्प्युटर. चार एका कंपनीने मोडीत काढताना देणगी म्हणून दिलेले, कोअर टू ड्युओ प्रोसेसरचे, जी३१ चिपसेटचे, चारही एकाच मॉडेलचे. उरलेले तीन जरा नंतरचे, दुसऱ्या पिढीचा आय-थ्री प्रोसेसर आणि एच६१ बोर्ड. त्यातलं एक आतल्या खोलीत असतं. पुस्तकांची सूची आणि देवघेव त्याच्यावर, कोहा या मुक्त प्रणालीत. बाकीच्यांवर सभासद पेपर वाचतात, रेल्वेची तिकिटं बघतात, मुलं प्रोजेक्ट छापून घेतात.

विंडोज १०चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ला संपणार हे आधीच जाहीर होतं, आणि विंडोज ११ इतक्या जुन्या प्रोसेसरांना दारातच उभं करत नाही. नवी मशीन घ्यायला पैसे नव्हते. म्हणून त्या वर्षीच्या उन्हाळी सुट्टीत कार्यकारिणीने ठरवलं की सगळीकडे डेबियन १२, म्हणजे मोफत मिळणारं लिनक्स, घालायचं. सेक्रेटरींचा भाचा अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला, त्याने ते हौसेने केलं आणि चांगलं केलं. माझं पोटापाण्याचं काम सर्व्हर सांभाळायचं आणि मी तिथला सभासद, त्यामुळे अडलं की मला निरोप यायचा.

अडचण

जूनमध्ये वाचनालय सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात तक्रार आली. मशीन चालू केलं की काळ्या पडद्यावर पांढऱ्या ओळी येतात. आय-थ्रीवर ‘एसीपीआय बायोस एरर, बग’ अशी सुरुवात करून दोन-चार ओळी (बायोस म्हणजे मशीन चालू होताच सगळ्यात आधी चालणारा, बोर्डावरचा प्रोग्रॅम). कोअर टू ड्युओच्या चारपैकी तीन मशीनवर ‘आय-ओ एरर, डेव्ह एफडी झिरो, सेक्टर झिरो’, आणि तीच ओळ पुन्हा. मग काही सेकंद काहीच होत नाही. मग डेस्कटॉप येतो आणि सगळं सुरळीत चालतं.

ग्रंथपालताईंचं म्हणणं रास्त होतं. “विंडोज होतं तेव्हा असं काही येत नव्हतं. आता रोज एरर म्हणतंय. उद्या सूची गेली तर मी कुणाला विचारू?” सेक्रेटरींचं मत थोडक्यात होतं, फुकटातलं घेतलं की असंच व्हायचं. शेजारच्या दुरुस्तीवाल्या भाईंना बोलावलं, त्यांनी पाच मिनिटं बघून निकाल दिला: “चाले छे ने? तो रहेवा दो.”

गंमत अशी की भाईंचा निकाल निम्मा बरोबर होता. पण कोणता निम्मा, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

भाच्याने दरम्यान इंटरनेटवर शोधून एक उपाय करून पाहिला होता. वाचकांच्या एका आय-थ्रीवर त्याने बूटच्या ओळीत, म्हणजे सुरू होताना लिनक्सला दिल्या जाणाऱ्या सूचनांत, एसीपीआय (ते काय हे पुढे येतं) पूर्ण बंद करण्याचा पर्याय घातला. एरर गायब झाला. त्याबरोबर प्रोसेसरचे चार धागे (एकाच वेळी काम करणाऱ्या वाटा) दिसायचे तिथे एकच दिसू लागला, आणि संध्याकाळी शटडाउन दिलं की सगळं बंद होऊनही वीज तोडली जाईना. पंखा फिरत राहायचा. शिपाईमामा बटण दाबून धरायचे. मला निरोप आला तो या पंख्यावरून, एररवरून नव्हे.

ओळी वाचल्या तेव्हा

कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, प्रत्येक संदेशाला शून्य ते सात अशी पायरी देतो. शून्य म्हणजे आता सगळं कोसळतंय, सात म्हणजे फक्त प्रोग्रॅमरसाठी. तीन म्हणजे एरर, चार म्हणजे वॉर्निंग. डेबियन बसवताना बूटच्या ओळीत ‘क्वाएट’ हा शब्द आपोआप येतो आणि त्याने पडद्यावर चारच्या खालचे, म्हणजे शून्य ते तीन पायरीचेच संदेश उमटतात. त्यामुळे ‘क्वाएट असूनही हे का दिसतं’ या भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर सोपं होतं: ते लिहिणाऱ्याने त्याला एरर म्हटलं आहे म्हणून. पण ही पायरी त्या ड्रायव्हरच्या, म्हणजे तो भाग चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, लेखकाने ठरवलेली असते. वाचनालयातल्या मशीनचं काय बिघडलं किंवा बिघडलं नाही, हे त्याला तिथे बसून कळलेलं नसतं.

पडद्यावर न आलेल्या ओळीही कर्नलच्या साठ्यात असतातच. ‘डीमेसग’ ही आज्ञा दिली की सगळ्या दिसतात, डेबियनमध्ये त्यासाठी रूटचे, म्हणजे मुख्य वापरकर्त्याचे, अधिकार लागतात. प्रत्येक ओळीपुढे चौकटी कंसात सेकंद असतात, कर्नल सुरू झाल्यापासूनचे. मला कुणी अशा ओळींचा फोटो पाठवला की माझी नजर आधी त्या सेकंदांवर जाते. दोन-तीन सेकंदांवर एकदा येऊन गेलेली तक्रार आणि दुपारी चार हजार आठशेव्या सेकंदाला पुन्हा उगवलेली तीच तक्रार, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आता आय-थ्रीवरची ओळ. ‘कुड नॉट रिझॉल्व्ह सिम्बॉल’, त्यापुढे एक लांबलचक पत्ता, त्यात सॅट शून्य, एसपीटी शून्य, जीटीएफ आणि शेवटी डीएसएसपी, आणि मग ‘एई नॉट फाउंड’. खाली दुसरी ओळ: आधीच्या चुकीमुळे ही पद्धत अर्ध्यावर सोडली. ‘सॅट’ म्हणजे सॅटा, डिस्कची जोडणी, असं वाचून भाच्याला वाटलं की हार्ड डिस्क बिघडत चालली. तसं वाटणं स्वाभाविक आहे.

एसीपीआय म्हणजे बोर्ड आणि ऑपरेटिंग सिस्टिम यांच्यातला एक करार. पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६मध्ये इंटेल, मायक्रोसॉफ्ट आणि तोशिबा यांनी मिळून काढली. बोर्ड बनवणारा आपल्या फर्मवेअरमध्ये, म्हणजे बोर्डावरच साठवलेल्या प्रोग्रॅममध्ये, काही तक्ते ठेवतो, त्यात चक्क छोटे प्रोग्रॅम असतात आणि कर्नल ते वाचून चालवतो. जीटीएफ हा त्यातलाच एक. काम एवढंच की, डिस्क सुरू होताना तिला बोर्डवाल्याच्या मते कोणत्या आज्ञा द्याव्यात याची यादी परत करायची. या बोर्डावरच्या जीटीएफने डीएसएसपी नावाच्या एका गोष्टीचा उल्लेख केला होता, आणि ती गोष्ट तक्त्यांत कुठेही लिहिलेलीच नव्हती. कर्नलला ती सापडली नाही, त्याने तसं सांगितलं, यादी सोडून दिली आणि डिस्क आपल्या नेहमीच्या पद्धतीने सुरू केली. हीच ओळ त्या काळातल्या कितीतरी बोर्डांवर येते.

मग विंडोज का बोलत नव्हतं? तक्ता तोच होता, फक्त विंडोज अशा गोष्टी सुरू होताना माणसासमोर मांडत नाही. बोर्डवाले आपलं फर्मवेअर मुख्यतः विंडोजवर तपासतात, तिथे पडदा स्वच्छ दिसला की माल बाहेर. लिनक्सला हे ठाऊक आहे. फर्मवेअरने ‘तू कोण’ असं विचारलं तर कर्नल ‘विंडोज’ या नावाला हो म्हणतो आणि ‘लिनक्स’ या नावाला नाही म्हणतो, कारण विंडोजसाठी लिहिलेला रस्ताच जास्त तपासलेला असतो.

तिन्ही आय-थ्रीवर हीच ओळ, त्याच शब्दांत, तेवढ्याच सेकंदांच्या आसपास. तीन डिस्का एकाच दिवशी एकाच तऱ्हेने बिघडत नाहीत. डिस्का स्वतःच्या तब्येतीच्या नोंदी ठेवतात, त्यांची, म्हणजे स्मार्टची, तपासणी केली. पाच क्रमांकाचा रकाना, बदललेले सेक्टर. १९७ क्रमांकाचा, संशयित सेक्टर. १९९ क्रमांकाचा, केबलवरून येता-जाता बिघडलेली माहिती. तिन्हींवर तिन्ही शून्य. मग ही ओळ निरुपद्रवी असं वहीत लिहिलं, आणि का लिहिलं तेही लिहिलं.

वॉर्निंगच्या पायरीवर आणखी बरंच होतं. ‘सिस्टिम आय-ओ रेंज अमुक, ऑपरीजन तमुकशी भिडते’, आणि पाठोपाठ जीपीआयओच्या, म्हणजे बोर्डावरच्या मोकळ्या पिनांच्या, ड्रायव्हरची कुरकूर. एकाच पत्त्यांच्या पट्ट्यावर फर्मवेअर आणि ड्रायव्हर दोघांनी हक्क सांगितला तर कर्नल फर्मवेअरला जागा देतो आणि ड्रायव्हरला थांबवतो. त्या पिना वाचनालयात कुणीच वापरत नाही. एका आय-थ्रीत वीज पडून बोर्डावरचं नेटवर्क गेल्यावर वेगळं कार्ड बसवलं होतं, तिथे ‘फर्मवेअर लोड होऊ शकलं नाही, उणे दोन’ असं होतं. उणे दोन म्हणजे फाइलच सापडली नाही. कार्ड त्याशिवायही चालत होतं, तरी रिअलटेकचं फर्मवेअर पॅकेज घातलं आणि ती ओळ गेली. सुटणारी गोष्ट सोडवून टाकावी, यादी तेवढी लहान होते.

‘एमडीएस सीपीयू बग प्रेझेंट अँड एसएमटी ऑन, डेटा लीक पॉसिबल’ ही ओळ मात्र मी निरुपद्रवीच्या रकान्यात घातली नाही. मे २०१९मध्ये जाहीर झालेला हा प्रोसेसरमधला खरा दोष आहे. एकाच कोअरवर चालणाऱ्या दुसऱ्या धाग्यातल्या माहितीचा अंश चोरता येऊ शकतो. वाचनालयाच्या मशीनवर परक्याची आभासी मशीन चालत नाहीत, म्हणून धागे बंद करून वेग गमावण्याइतकी ती निकड नव्हती. इंटेलच्या मायक्रोकोडचं, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या दुरुस्त्यांचं, पॅकेज आहे ना, ब्राउझर वेळेवर अद्ययावत होतो ना, एवढं पाहिलं. या ओळीपुढे वहीत लिहिलं: ‘बिघाड नाही, धोका माहीत आहे, पत्करला.’

एफडी झिरो

कोअर टू ड्युओची गोष्ट मला जास्त आवडली.

एफडी झिरो म्हणजे पहिली फ्लॉपी ड्राइव्ह. चारही मशीनमध्ये फ्लॉपी नाही, जागेवर नुसतं झाकण आहे. बायोसच्या सेटिंगमध्ये मात्र ‘ड्राइव्ह ए: १.४४ एम, ३.५ इंच’ असं होतं. कर्नल त्यावर विश्वास ठेवतो, नसलेल्या ड्राइव्हचा पहिला सेक्टर वाचायला जातो, वाट बघतो, एरर देतो, पुन्हा प्रयत्न करतो. मधले ते रिकामे सेकंद याचेच. हार्ड डिस्कचं नाव एसडीए असं असतं. एफडी आणि एसडी यांतलं एक अक्षर नीट वाचलं असतं तर निम्मी काळजी तिथेच मिटली असती.

भाच्याकडे उपाय तयार होता: फ्लॉपीचं मॉड्यूल (तिचा ड्रायव्हर) काळ्या यादीत टाकायचं, इनिट्रॅमएफएस (बूटच्या सुरुवातीला लागणारी फाइल) नव्याने बनवायची, संपलं. तांत्रिकदृष्ट्या बरोबर. पण चार मशीन एकाच मॉडेलची, एकाच दिवशी आलेली, आणि ओळ तिघांवर येते, चौथ्यावर नाही. जुळ्या मशीनमध्ये फरक दिसला की आधी तो शोधावा, उपाय पळून जात नाही.

फरक शिपाईमामांनी सांगितला, तोही सहज, चहा आणताना. “ही तीन सकाळी अडतात ना. एफ-वन दाबलं की पुढे जातात. ते विंडोजपासूनच आहे.” आम्ही सगळे दुपारी यायचो, तोवर मामांनी एफ-वन दाबलेलं असायचं. दुसऱ्या दिवशी सकाळी जाऊन पाहिलं तर पडद्यावर स्वच्छ लिहिलं होतं: सीमॉस चेकसम एरर, डिफॉल्ट्स लोडेड. म्हणजे बायोसचं साठवलेलं सेटिंग जुळलं नाही, मूळ सेटिंग घेतलं.

बोर्डावरची गोल बॅटरी मेलेली होती. सीआर२०३२, तीन व्होल्टची, वीस मिलिमीटर व्यासाची. प्लग चालू असेपर्यंत बोर्डाला थोडी वीज मिळत राहते आणि सेटिंग टिकतं. पण वाचनालयात रात्री मेन स्विच बंद करतात. मग सेटिंग पुसलं जातं, सकाळी बायोस कारखान्यातली मूळ सेटिंग घेतं, आणि त्या मूळ सेटिंगमध्ये फ्लॉपी ‘आहे’. घड्याळही मागे जातं. नेटवर्क मिळून वेळ दुरुस्त होईपर्यंत ब्राउझर बँकेच्या साइटला ‘प्रमाणपत्र अवैध’ म्हणायचा, आणि सकाळी लवकर येणारे एक आजोबा त्यावरूनही तक्रार करायचे. तो धागा तोवर कुणी याला जोडला नव्हता.

म्हणजे एफडी झिरोची ओळ स्वतः निरुपद्रवीच होती, पण तिचं कारण तसं नव्हतं. मॉड्यूल काळ्या यादीत टाकलं असतं तर ओळ गेली असती आणि बॅटरी, घड्याळ, एफ-वन सगळं तसंच राहिलं असतं.

पर्याय

कार्यकारिणीच्या बैठकीत चर्चा आय-थ्रीवरच्या एसीपीआयच्या ओळीची झाली, कारण सूचीचं मशीन त्यात होतं.

बायोस अद्ययावत करणं हा पहिला विचार. हे काम चालू असताना वीज गेली तर बोर्डच जायचा, आणि मिळवायचं काय, तर दोन ओळी कमी. शिवाय इतक्या जुन्या बोर्डासाठी नवी आवृत्ती निघण्याची आशा नाही. नको म्हटलं.

दुसरा भाच्याचा आवडता: तक्ता बाहेर काढायचा, हरवलेली डीएसएसपी त्यात घालायची आणि बूटच्या वेळी कर्नलला दुरुस्त तक्ता द्यायचा. कर्नल हे करू देतो. शिकण्यासारखं काम आहे आणि घरच्या मशीनवर त्याने ते जरूर करावं असं मी त्याला सांगितलं. पण वाचनालयात उद्या दुसरा कुणी सांभाळायला आला तर त्याला हा बदल कुठे आहे, का आहे, काहीच कळणार नाही. एका निरुपद्रवी ओळीसाठी न दिसणारी गुंतागुंत घालायची नाही, असं ठरलं. डिस्कच्या ड्रायव्हरपुरतं एसीपीआय बंद करण्याचाही एक पर्याय कर्नलमध्ये आहे. पूर्ण एसीपीआय बंद करण्यापेक्षा तो शंभर पटींनी सभ्य, पण गरज तीच, ओळ न दिसण्याची.

आणि चौथा, पडद्यावर काहीच न दाखवणं. ‘क्वाएट’च्या जोडीला लॉगलेव्हल तीन दिलं की एररच्या पायरीचे संदेशही पडद्यावर येत नाहीत, साठ्यात मात्र राहतात. ताईंना हेच हवं होतं, कारण वाचक घाबरून मशीन बंद करायचे. सेक्रेटरींचा विरोध होता: “लपवलं की विसरलं.” दोघांचंही खरं होतं. निर्णय असा झाला की वाचकांच्या सहा मशीनवर ओळी लपवायच्या, सूचीच्या मशीनवर दिसू द्यायच्या, म्हणजे काही नवं आलं तर ताईंच्या नजरेस पडेल.

काय केलं

एसीपीआय बंद करणारा पर्याय त्या मशीनवरून काढला. धागे परत चार झाले, पंखा वेळेवर थांबू लागला. तीन बॅटऱ्या बदलल्या, बायोसमध्ये फ्लॉपी ‘नाही’ असं केलं, तारीख लावली. एफ-वन गेलं, एफडी झिरो गेलं.

मग प्रत्येक मशीनची ओळख-फाइल बनवली. डीमेसगमधल्या एरर आणि वॉर्निंग पायऱ्यांच्या ओळी, सेकंद काढून टाकून, वर्णक्रमाने लावून. सेकंद काढावे लागतात कारण ते रोज थोडे बदलतात. आणि क्रम लावावा लागतो कारण ड्रायव्हर एकाच वेळी कामाला लागतात, आज एक आधी बोलतो, उद्या दुसरा. भाच्याने वीसेक ओळींची स्क्रिप्ट लिहिली. रोज सकाळी ती ताजी यादी ओळख-फाइलशी ताडून बघते आणि फक्त फरक एका वेगळ्या फाइलमध्ये लिहिते. फरक नसेल तर फाइल रिकामी. शनिवारी त्याने ती बघायची असं ठरलं.

शेजारी वही. वहीत प्रत्येक ओळीपुढे ती कोण बोलतंय, कशाबद्दल बोलतंय, ते आपण वापरतो का, आणि निरुपद्रवी असं कशावरून म्हटलं. शेवटचा रकाना भरायला भाचा कंटाळला होता. ताईंनी भरून घेतला, दाखलखारीज पुस्तकांचं कारण लिहून घेतात तशा शिस्तीने.

दिवाळीनंतर

दिवाळीच्या आधी साफसफाई झाली. कपाटं सरकली, भिंतींना रंग लागला, सूचीचं मशीन दोन दिवस दुसऱ्या खोलीत होतं. सुट्टीनंतर सगळं जागेवर आलं आणि चालू लागलं.

शनिवारी भाच्याने मला फरकाच्या फाइलचा फोटो पाठवला. सूचीच्या मशीनवर नव्या ओळी होत्या. ‘एटीए वन’ने सुरू होणाऱ्या, ‘एक्सेप्शन’, ‘फेल्ड कमांड’, कंसात ‘आयसीआरसी, अबॉर्ट’, आणि त्यातच एक अगदी शांत वाटणारी: सॅटा लिंकचा वेग दीड गिगाबिटवर मर्यादित करत आहे.

या शांत ओळीत ‘एरर’ हा शब्दसुद्धा नाही आणि ती वॉर्निंगच्या पायरीवर असल्यामुळे सूचीच्या मशीनच्या पडद्यावर येतच नव्हती. पण तिचा अर्थ असा की डिस्क आणि बोर्ड यांच्यात वारंवार माहिती बिघडतेय, म्हणून कर्नलने तीन गिगाबिटचा वेग सोडून हळू बोलायचं ठरवलंय. आयसीआरसी म्हणजे केबलवरून आलेली माहिती ताडून पाहिली आणि जुळली नाही. डिस्कच्या पृष्ठभागाचा दोष असता तर बहुधा तिथे ‘यूएनसी’, म्हणजे वाचताच न आलेली माहिती, असं आलं असतं.

ताईंना विचारलं, पडद्यावर काही वेगळं दिसलं होतं का? “नाही रे, तेच ते, रोजचं बायोस एरर.” पडद्यावर त्याखाली एटीएच्या एक्सेप्शनच्या ओळी त्याच पांढऱ्या अक्षरांत येत होत्या, काही सकाळी येत होत्या, काही सकाळी नाही. त्या ओळी दिसू द्यायच्या असं आम्ही ज्या मशीनवर मुद्दाम ठरवलं होतं ते हेच. दिसत होत्या, आणि कुणी पाहिल्या नाहीत. यात ताईंचा दोष नाही. चार महिने रोज तोच मजकूर समोर आला तर कुणाचीही नजर त्यावरून घसरते.

आधी सूचीची पूर्ण प्रत बाहेरच्या डिस्कवर घेतली. मग स्मार्ट पाहिलं: पाच आणि १९७ शून्यच, १९९ मात्र शून्यावरून वर गेलेला. पेटी उघडली. सॅटाची केबल बोर्डाच्या बाजूने अर्धवट बाहेर आली होती आणि डिस्कच्या पिंजऱ्याच्या कडेवर दुमडली होती. साफसफाईत पेटी आडवी ठेवली असावी. सयाजीगंजातून खटक्याची नवी केबल आणून लावली.

निष्पत्ती

त्यानंतर एटीएच्या ओळी आल्या नाहीत, लिंक पुन्हा तीन गिगाबिटवर आहे. १९९चा आकडा मात्र तिथेच थांबला आहे आणि तो कधीच खाली येणार नाही, तो रकाना फक्त वाढतो. भाच्याला वाटलं अजून बिघाड आहे. आता शून्याऐवजी तो आकडाच आधार धरायचा, वाढला तर बघायचं, असं वहीत लिहिलं. सूचीतलं काही गेलं नाही. बायोस एरर अजून रोज येतो.

वाचकांच्या मशीनवरच्या तक्रारी थांबल्या. सकाळचे आजोबा बँकेच्या साइटबद्दल बोलत नाहीत, आता त्यांची तक्रार कीबोर्डवरच्या पुसलेल्या मराठी अक्षरांची आहे.

वेगळं काय करता आलं असतं

सूचीच्या मशीनवर ओळी दिसू देण्याचा निर्णय आज पुन्हा घ्यायचा झाला तर मी उलट मत देईन. पडद्यावरच्या ओळींनी काहीच राखलं नाही, राखलं ते फरकाच्या फाइलने. तिथेही पडदा कोरा ठेवावा आणि फाइल रिकामी नसेल तर डेस्कटॉपवर मराठीत एक खिडकी उघडावी: ‘आज नवीन ओळ आली आहे, फोन करा.’ भाच्याने ते आता केलं आहे. शनिवारची वाट बघणंही त्यामुळे संपलं. तेव्हा आठवडाभर मशीन त्या केबलवर चाललं, आणि देवघेव रोज होत होती.

ओळख-फाइल लिनक्स घातल्याच्या दिवशीच बनवायला हवी होती. जूनमध्ये आम्ही निरुपद्रवी कोणतं हे शोधत बसलो, कारण तुलना करायला आधीचं काहीच नव्हतं. तीन सारखी मशीन होती म्हणून निभावलं. एकच मशीन असतं तर स्मार्टच्या आकड्यांवर आणि दोन आठवडे वाट बघण्यावरच भागवावं लागलं असतं.

कर्नल काही शब्द ठरवून वापरतो, ते आधी सांगितले असते तर ताईंची झोप कमी उडाली असती. चौकटी कंसात ‘फर्मवेअर बग’ असेल तर तक्रार बोर्डाच्या फर्मवेअरबद्दल आहे. ‘हार्डवेअर एरर’ असेल तर प्रोसेसर किंवा मेमरीने स्वतः कळवलेली चूक आहे आणि फोन त्याच दिवशी करायचा. एसीपीआयच्या ओळीत ‘बायोस’ आणि ‘बग’ हे दोन्ही शब्द होतेच. पण ‘एरर’ने इतका आवाज केला की बाकीचं वाचलं गेलं नाही.

शिपाईमामांना पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. सकाळी मशीन चालू करणारा माणूस तोच, आणि कर्नल सुरू होण्याआधीचा पडदा फक्त तोच बघतो.

चौथ्या कोअर टू ड्युओची बॅटरी तेव्हा बदलली नाही, चालतेय तोवर राहू दे म्हणून. ती त्याच वयाची आहे. मार्चच्या खरेदीत तिच्यासाठी एक सीआर२०३२ धरली आहे, आणि सूचीच्या मशीनसाठी एक एसएसडी. भाचा पुढच्या वर्षी नोकरीसाठी पुण्याला जाईल, तेव्हा खिडकी उघडली की फोन कुणाला करायचा हा विषय कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीत आहे.